एका नाकपुडीचे पडसे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची मला सवय नाही. पण गेल्या वर्षी मी भजनाला येणे का बंद केले, असे पुष्कळजणींनी विचारले होते. मी गुडघ्यांचे कारण सांगितले. ते खरे नव्हते.

माझी वरची डावी दाढ काढून बरीच वर्षे झाली होती. त्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून वर नवा दात बसवला. स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या तोंडात असे दात प्रथम बसवले म्हणतात. माझा दातही छान बसला, दिवाळीत चकल्या खाल्ल्या. पुढे डावी नाकपुडी वाहू लागली. पिवळे, घाण वासाचे पाणी! लादी पुसायला वाकले की गाल ठणके. वाफारे घेतले, ओव्याची पुरचुंडी हुंगली, सासूबाईंनी केळी बंद केली. वास काही जाईना. शेजारणीला तो येईल या लाजेने मी घरी बसले, चांगले पाच महिने!

दात दुखत नव्हता, म्हणून नाकाच्या डॉक्टरांना त्याविषयी सांगायचे सुचलेच नाही. शेवटी त्यांनीच विचारले, "वरच्या दाढेचे काही काम केले होते का?" मग स्कॅन काढला. गालाच्या हाडात सायनस नावाची पोकळी असते. वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला लागून असतात. दाढ गेली की तिथले हाड झिजते, पोकळी खाली उतरते, मध्ये पातळ थर उरतो. माझा स्क्रू तो ओलांडून आत गेला होता. हाड कमी असेल तर आधी भर घालून ते वाढवतात. माझे नीट मोजलेच नव्हते. मीही विचारले नाही. किंमत तेवढी विचारली.

काहींचे औषधाने भागते, माझे भागले नाही. नाकातून दुर्बीण घालून पोकळी साफ केली, स्क्रूही काढला. सगळ्यांनाच असे होते असे नव्हे. जाऊबाईंचे असे दोन दात सुखरूप आहेत, आणि त्या ते मला हसून दाखवतात.

तेव्हा एकाच बाजूचे, वासाचे पडसे रेंगाळले, तर नाकाच्या डॉक्टरांना दाताचे आणि दाताच्या डॉक्टरांना नाकाचे सांगा. लाजू नका.

सध्या मी पेरू उजवीकडूनच खाते. गुरुवारपासून भजनाला येईन. पेटीजवळची माझी जागा कोणी घेतली असेल, तर तिने आताच सांगावे.