वाळवंटातल्या तळ्यावर पाच दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हाउसबोट म्हटलं की आपल्याला काश्मीरचं दाल सरोवर आठवतं, नाहीतर केरळातलं पाणी आणि काठावरचे माड. मी आज ज्या हाउसबोटीबद्दल बोलणार आहे, ती चालते अमेरिकेतल्या वाळवंटात. उटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचं तळं आहे. तळं म्हणायचं इतकंच. खरं तर तो कोलोराडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचा फुगवटा. लांबी सुमारे ३०० किलोमीटर. नदीला मिळणाऱ्या असंख्य अरुंद घळींत पाणी शिरल्यामुळे तळं भरलेलं असताना त्याचा काठ ३,००० किलोमीटरच्या वर भरतो. आपल्या कोकण किनाऱ्याच्या चौपट!

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त माणूस. मुलगी-जावई फिनिक्सला असतात. २०२२ च्या ऑक्टोबरात जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही आयुष्यभर धरणं पाहिलीत, आता एका धरणाच्या पाण्यावर राहून बघा.” त्यांच्या मित्राचं कुटुंब आणि आम्ही, असे आठजण निघालो.

वॉवीपच्या धक्क्यावर हाउसबोट भाड्यानं मिळते. पन्नास फुटांची बोट, आत स्वयंपाकघर, फ्रीज, झोपायच्या खोल्या, वर गच्ची आणि मागे पाण्यात घसरायला घसरगुंडी. तासाभरात सगळं समजावून किल्ली हातात देतात. त्यातली एक सूचना मात्र त्या माणसानं तीनदा सांगितली. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना बोटीच्या मागे कुणीही पोहायचं नाही. सन २००० मध्ये याच तळ्यावर हाउसबोटीमागे पोहणारे दोन लहान भाऊ बुडाले. पोहता येत नव्हतं म्हणून नव्हे. जनरेटरचा धूर मागच्या फळीखालच्या पोकळीत साठत होता आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडनं त्यांची शुद्ध हरपली. या वायूला ना रंग, ना वास. त्यानंतर तपासण्या झाल्या, धूर बाहेर टाकण्याची रचना अनेक बोटींवर बदलली गेली. आमच्याबरोबर दोन मुलं होती. घसरगुंडीवर जाण्याआधी जनरेटर बंद आहे ना, हे पाहण्याचं काम मी पाचही दिवस आपणहून अंगावर घेतलं.

रात्री ही बोट पाण्यात उभी ठेवत नाहीत. वाळूच्या काठाला नाक टेकवायचं, दोन्ही बाजूंना खड्डे खणून नांगर पुरायचे आणि दोर ताणायचे. ऑक्टोबरातही दुपारच्या उन्हात हे काम घाम काढतं. पण अंधार पडला की ज्या चांदण्या दिसतात, त्या मी लहानपणी खळ्यावर झोपताना पाहिल्या होत्या, त्यानंतर नाही.

आता मासेमारी. आमच्या सौ. मालवणच्या, त्यामुळे हा विषय त्यांच्या अखत्यारीतला. हाउसबोटीमागे बांधून नेलेल्या छोट्या बोटीतून सकाळी कड्याखालच्या खोल पाण्यात जायचं, गळाला अँकोव्हीचा तुकडा लावायचा आणि दोरी खाली सोडायची. अर्ध्या तासात पहिला स्ट्राइप्ड बास आला. रुपेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा. सौ.नी कल्ले उघडून पाहिले आणि निकाल दिला, “जिताड्याचा मावसभाऊ दिसतोय.” रव्यात घोळून, घरून नेलेला मसाला लावून तो तव्यावर पडला, तेव्हा शेजारच्या बोटीवरची माणसं विचारायला आली.

परवाना काढला की हा मासा हवा तेवढा धरा, मर्यादा नाही. मला याचं नवल वाटलं. कारण विचारलं तर मोठी कहाणी निघाली. हा मूळचा समुद्रातून नदीत चढणारा मासा. १९७४ पासून तो इथं सोडला गेला. अंडी घालायला त्याला वाहतं पाणी लागतं, तेव्हा तळ्यात तो वाढेल पण वाढणार नाही त्याची संख्या, असा हिशेब होता. माशानं तो मानला नाही. काही वर्षांतच त्याची पिल्लं सापडली. आज तो इतका आहे की खायला सोडलेला शॅड नावाचा छोटा मासा संपवून स्वतःच उपाशी राहतो. म्हणून लोकांनी धरावा, खावा.

तळ्याच्या दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाचे कडे आहेत. पण पाण्यापासून वर बऱ्याच उंचीपर्यंत ते चुना फासल्यासारखे पांढरे. पाण्यातले क्षार दगडावर बसतात, त्याचा हा पट्टा. पांढरं जिथं संपतं, तिथं भरलेल्या तळ्याची पातळी. पाणीपातळीच्या पट्ट्या वाचण्यात माझी नोकरी गेली, पण एवढी मोठी पट्टी मी कधी पाहिली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा पाणी भरल्या पातळीच्या सुमारे १७० फूट खाली होतं, साठा जेमतेम चौथा हिस्सा. नेहमीची जवळची वाट कोरडी पडल्यामुळे आम्हाला सुमारे तासाभराचा वळसा पडला.

१९६३ मध्ये धरणाची दारं बंद झाली आणि तळं पूर्ण भरायला १९८० उजाडलं. २००० पासूनच्या दुष्काळानं ते उतरत गेलं. एप्रिल २०२३ मध्ये भरल्यापासूनची सर्वांत खालची पातळी नोंदली गेली. त्या वर्षीच्या बर्फानं ते थोडं सावरलं, भरलं मात्र नाही. पण दोष एकट्या दुष्काळाला देता येत नाही. सात राज्यांत नदीचं वाटप १९२२ च्या करारानं झालं, आणि तेव्हा हाताशी होते ते जास्त पाण्याच्या वर्षांचे आकडे. नदीत नाही ते पाणीही कागदावर वाटलं गेलं. आज जवळपास चार कोटी माणसं या नदीवर अवलंबून आहेत. तळ्याच्या दक्षिण काठाला नवाहो लोकांचा मुलूख आहे, तिथं आजही अनेक घरांत नळ नाही.

ज्याच्या नावानं हे तळं आहे, तो जॉन वेस्ली पॉवेल एका हाताचा माणूस. दुसरा हात यादवी युद्धात गेला होता. १८६९ मध्ये तो होड्यांतून ही नदी उतरला आणि १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्यानं सांगितलं, की या कोरड्या मुलखातली सगळी जमीन भिजवायला पुरेसं पाणी नाही. सभेनं त्याची हुर्यो केली. पुढे त्याचंच नाव तळ्याला दिलं!

एका घळीच्या टोकाशी आम्ही उतरून चालत गेलो. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसंच इथं. बुडून मेलेल्या झाडांचे काळे सांगाडे, भेगाळलेला गाळ आणि त्यातून वर आलेली वाळुंजाची कोवळी रोपं. माझ्या मुलीला ते पाहून आनंद झाला. मला पाण्याची काळजी वाटली. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पाणी उतरण्याचा एक परिणाम धरणाखालीही दिसला. वरचं कोमट पाणी जनित्रांच्या तोंडाशी आलं आणि त्याबरोबर तळ्यात सोडलेला स्मॉलमाऊथ बास खाली गेला. २०२२ मध्ये तिथं त्याची पिल्लं मिळाली. खाली ग्रँड कॅन्यनमध्ये पाठीला कुबड असलेला, या नदीचाच हंपबॅक चब राहतो, त्याला हा खाऊन टाकेल ही भीती. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात काही पाणी जनित्रांतून न नेता खालच्या नळांतून थंडच सोडलं. त्या पाण्याची वीज गेली. धरणाच्या माणसाला हा निर्णय किती जड गेला असेल, ते मला कळतं.

परतताना छोटी बोट बाहेर काढायला रांग होती. २०१३ पासून या तळ्यात क्वागा नावाचे नखाएवढे शिंपले पसरले आहेत, ते दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक बोट रिकामी करून तपासतात. तपासनिसानं बूच काढायला लावलं, पाणी उतारावरून वाहून गेलं. मग त्यानं बर्फाची पेटी उघडायला सांगितली. आत साफ केलेले बावीस मासे. त्यानं पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाला, “एवढेच? आणखी न्यायचे होते.”