पुन्हा एकदा 'चौघीजणी'



लहानपणी वाचलेले पुस्तक मोठेपणी पुन्हा हाती घेतले, की मोठी गंमत होते. पुस्तकातले अक्षर न् अक्षर जागच्या जागी असते. पण ज्या माणसावर आपला जीव जडला होता, ते आता जरा हट्टी वाटू लागते आणि जिचा रागराग केला तिची बाजू पटू लागते. पुस्तकातल्या प्रेमाविषयी आणि लग्नांविषयी तर आपले मत पार उलटते. असे का होते, ते आज एका पुस्तकाच्या आधाराने पाहू या.

पुस्तक अमेरिकेतले आहे. लुइझा मे अल्कॉट या लेखिकेची 'लिटल विमेन' ही कादंबरी. तिचा पहिला भाग १८६८ साली निघाला आणि दुसरा १८६९ साली. शान्ता शेळके यांनी 'चौघीजणी' या नावाने ती मराठीत आणली, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती वाचली गेली. देशात यादवी युद्ध पेटले आहे. वडील सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेलेले. घरात आई आणि चार मुली : सोळा वर्षांची मेग, पंधराची ज्यो, तेराची बेथ आणि बारा वर्षांची ॲमी. घरात पैशाची ओढाताण. शेजारच्या मोठ्या घरात श्रीमंत आजोबांजवळ राहणारा लॉरी नावाचा मुलगा. एवढाच काय तो पसारा!

बारा-तेराव्या वर्षी हे पुस्तक वाचणारा सारा जीव ज्योवर टाकतो. ती धसमुसळी, तोंडाची फटकळ, पण मनाची मोठी. गोष्टी लिहिते, आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हाती पैसे असावेत म्हणून आपले लांब केस विकून पंचवीस डॉलर आणते. आणि ॲमी? तिने रागाच्या भरात ज्योची गोष्टींची वही जाळली! ते काही बालवाचक विसरत नाही. मग त्याची एकच इच्छा उरते, ज्योचे लॉरीशी लग्न व्हावे. पण लॉरी मागणी घालतो, ज्यो नाही म्हणते. पुढे लॉरी ॲमीशी लग्न करतो. आणि ज्यो पत्करते कोणाला, तर चाळिशीला टेकलेल्या, गरीब, जाडसर अशा एका जर्मन शिक्षकाला. बालवाचकाला हा शुद्ध अन्याय वाटतो.

आता तेच पुस्तक पस्तिशी-चाळिशीत वाचून पाहा. नकार देताना ज्यो काय सांगते, याकडे लहानपणी लक्षच गेलेले नसते. ती म्हणते, आपण दोघेही तापट आणि हेकेखोर; रोज भांडू. तुला माझे लिहिणे खुपेल, मला तुझी बडी मंडळी सोसायची नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने स्वतःला इतके नीट ओळखावे! संसार केलेल्या माणसाला या बोलण्याचे मोल कळते.

ॲमीचेही तसेच. लॉरी मन मोडून युरोपात आळसात दिवस घालवतो, तेव्हा सगळे त्याला कुरवाळत असतात. तोंडावर खरे बोलते ती एकटी ॲमी. तू पैसा, बुद्धी आणि वेळ वाया घालवतो आहेस, असे ती त्याला स्पष्ट सुनावते. पुढे स्वित्झर्लंडमधल्या सरोवरात लॉरी नाव वल्हवून दमतो, तर ॲमी एक वल्हे आपल्या हाती घेते. दोघे मिळून नाव चालवतात, आणि तिथेच त्यांचे लग्न ठरते. लहानपणी हे पान आपण रागाने उलटलेले असते.

मेगचा संसारही मोठेपणीच कळतो. मैत्रिणीच्या बरोबरीने दिसावे म्हणून ती पन्नास डॉलरचे रेशीम घेते, आणि नवरा मुकाट्याने आपल्या थंडीच्या कोटाची मागणी रद्द करतो. मग ती ते रेशीम मैत्रिणीला विकते आणि त्याचा कोट आणते. ज्याने महिनाअखेरीस हिशेबाची वही उघडली आहे, त्याला ही गोष्ट कोणत्याही प्रेमप्रसंगाहून कमी वाटणार नाही. आणि आई! मुलांना ती देवमाणूस वाटते. पण ती ज्योला सांगते, की मीही तापटच आहे. चाळीस वर्षे झटते आहे, राग गेला नाही, फक्त आवरता येतो. हे वाक्य आईबापांनी आणि शिक्षकांनी पुन्हा वाचण्याजोगे आहे.

तुम्ही म्हणाल, म्हणजे मोठेपणी सगळेच पटते का? तसे नाही. ज्यो पैशासाठी थरारक गोष्टी लिहीत असते. त्या जर्मन प्राध्यापकांना असले लिखाण आवडत नाही, हे कळल्यावर ती ते जाळून टाकते. लहानपणी यात काही वावगे वाटत नाही; मोठेपणी मात्र मन अडते. कारण स्वतः लेखिकेने टोपणनावाने अशाच गोष्टी लिहून घराला हातभार लावला होता. उलट, लग्नाचे ठरताना ज्यो बजावते, की घर चालवायला मीही कमावणार, तेव्हा त्याच लग्नाविषयी आपला आदर वाढतो. एकाच जोडप्याविषयी मन असे दोन्हीकडे ओढले जाते.

आता यातली खरी गोम सांगतो. पहिला भाग निघाल्यावर मुलींची पत्रे लेखिकेकडे येऊ लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच, या मुलींची लग्ने कोणाशी होणार? १८६९ सालच्या एका पत्रात लेखिकेने लिहून ठेवले आहे, की ज्योने अविवाहित लेखिकाच राहायला हवे होते. पण वाचकांचा आग्रह फार, म्हणून तिचे लग्न लावले, आणि मुद्दामच त्यांना नको होते तसे लावले! लुइझा अल्कॉट स्वतः जन्मभर अविवाहित राहिली आणि लेखणीवर तिने आईबाप, बहिणी सांभाळल्या.

म्हणजे पाहा, ज्यो पुढे काय लिहील, हे फारसे कोणी विचारले नाही. आपल्या गावातही एखादी मुलगी चांगले लिहिते, गणितात पुढे असते. आपण तिचे कौतुक करतो, आणि लगेच विचारतो, हिच्यासाठी स्थळ कसले पाहायचे? पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना हा आपलाच प्रश्न आपल्याला ऐकू येतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांनी असे पुस्तक वाचले, की लगेच तात्पर्य सांगू नका. ज्यो आवडली तर आवडू द्या, ॲमीचा राग आला तर येऊ द्या. कोण आवडले, कोण नाही आणि का, एवढे चार ओळींत लिहून घ्या, आणि तो कागद त्या मुलालाच जपून ठेवायला सांगा. दहावी झाल्यावर तेच पुस्तक पुन्हा त्याच्या हाती द्या आणि जुना कागद शेजारी ठेवायला लावा. दोन्ही उत्तरे त्याचीच असतील, आणि दोन्ही खरी असतील.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, मुलांचे पुस्तक म्हणून ते फळीवर टाकू नका. पावसाळ्यात कामाची उघडीप मिळेल तेव्हा तुम्हीही उघडा. मुलगी शेजारी वाचत बसली असेल, तर तिला विचारा, ज्योने पुढे काय करायला हवे होते? आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या.