आईच्या साडीचा घेर



मुलींनो, रेडिओवर फॅशनबद्दल बोलायचं म्हणजे अवघडच. कपडा दाखवता येत नाही, रंग दाखवता येत नाही, नुसतं सांगत बसायचं. तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या, मधेच मी मापं सांगणार आहे.

मी डिचोलीत शिवणवर्ग घेते आणि माझं माहेर पेडणे तालुक्यातलं. त्यामुळे दोन्हीकडच्या मुलींशी गाठ पडते. झांट्ये महाविद्यालयातल्या, साखळीच्या सरकारी कॉलेजमधल्या, विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयातल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "टीचर, कमी पैशांत चांगलं कसं दिसायचं?" माझं उत्तर त्यांना जरा नाराज करतं. स्वस्त कपडे कुठे मिळतात ते मी सांगतच नाही. हाताने शिवता येतं का, ते विचारते.

कारण हिशेब सरळ आहे. सहाशे रुपयांचा टॉप तीन वेळा घातला आणि शिवण उसवली म्हणून कोपऱ्यात टाकला, तर एकेका वेळेचे दोनशे रुपये पडले. बाराशेचा सुती कुर्ता साठ वेळा घातला, तर वीस रुपये. आणि पहिला टॉप का टाकला? कुशीची वीतभर टीप उसवली म्हणून. दहा मिनिटांचं काम होतं. धावदोरा, उलटी टीप, हेम आणि बटण-काज, एवढं चार गोष्टींपुरतं हातशिवणकाम ज्या मुलीला येतं, तिचा कपड्यांवरचा खर्च आपोआप खाली येतो. जिला येत नाही, तिला स्वस्त कपडाही महागच पडतो.

आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवत. घरात टाका घालणारे हात होते, म्हणून फाटकं लुगडंही कामाचं होतं. मधल्या एका पिढीत ते हात गेले. आता साडी जुनी झाली की तिचं फडकं होतं, नाहीतर ती कपाटात पडून राहते. डांबराच्या गोळ्यांसकट.

आता हरमलला चला. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना पर्यटकांसाठी कपडे टांगलेले असतात. मांद्रे, मोरजीलाही तेच. त्यांत कमरेला गुंडाळून नाडीने बांधायचा, दोन थरांचा, उलटसुलट कसाही घालता येणारा एक घोळदार स्कर्ट तुम्ही पाहिला असेल. तो कशाचा असतो? जुन्या, वापरलेल्या साड्यांचा. परदेशी बाई तो हौसेने विकत घेते, आणि त्याच हरमलची मुलगी आईच्या साड्या कपाटात ठेवून मोबाइलवरून पॉलिएस्टरचा स्कर्ट मागवते. मला याचा राग येतो, खरं सांगते.

तर तो स्कर्ट घरी कसा करायचा ते ऐका. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, आणि रुंदीला एक मीटर दहा-पंधरा सेंटिमीटर. आधी ती खिडकीशी उजेडात धरा. जिथे विरलेली दिसेल तो भाग सोडून द्या, त्यावर कष्ट घेऊ नका. उरलेल्यातून अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे काढा. पुरत नसेल तर दुसरी साडी जोडीला घ्या. एक थर एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या रंगाचा, उलट जास्तच खुलतं. मग कमरेपासून घोट्याच्या वरपर्यंत आपली उंची मोजा. समजा ती ऐंशी सेंटिमीटर आली. खालचा काठ तसाच ठेवायचा आणि जे कापायचं ते वरून. म्हणजे खाली दुमड घालायचं काम वाचतं आणि काठाची शोभाही राहते. आतला थर बाहेरच्यापेक्षा चार बोटं लांब ठेवलात तर त्याचा काठ खालून डोकावतो. बाजूच्या उभ्या कडा मात्र दुमडून शिवाव्याच लागतात.

आता दोन्ही थर वरच्या कडेला एकत्र धरून चुण्या घाला. कमर सत्तर सेंटिमीटर असेल, तर चुण्या घालून झाल्यावर वरची कड एकशे पाच ते एकशे दहा भरली पाहिजे, म्हणजे कमरेच्या दीडपट. यात कंजुषी केली तर वाऱ्याने स्कर्ट उघडतो, आणि मोपाच्या पठारावरचा वारा तुम्हाला मी सांगायला नको. वरून कापलेल्या ज्या लांब पट्ट्या उरल्या, त्यांतूनच कमरेचा पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या नाड्या निघतात. स्कर्ट गुंडाळल्यावर एक नाडी कुशीशी आतून बाहेर काढावी लागते, तिथे पट्ट्याला मोठ्या काजासारखी फट ठेवा. झालं. मशीन असेल तर एका दुपारचं काम, हाताने केलं तर तीन-चार संध्याकाळी जातील. खर्च म्हणाल तर दोऱ्याच्या रिळाचा.

साडीला कातरी लावण्याआधी आईला विचारा, हे सांगायला नको. लग्नातला शालू मागू नका. रोजच्या वापरातली, रंग उडालेली सुती साडी मागा. पहिला प्रयोग फसला तरी कोणी रडणार नाही.

ज्यांना एवढं नको आहे, त्यांनी निदान तयार कपडा आपल्या अंगाचा करून घ्यावा. बाजारातले कपडे एस, एम, एल अशा तीन-चार मापांत शिवलेले असतात; आपलं शरीर त्यातल्या एकाही अक्षरात नेमकं बसत नाही. महागड्या कपड्यातली मुलगी जी ऐटदार दिसते, ती बहुतेक वेळा कपडा अंगावर नीट बसल्यामुळे. म्हणून कुर्ता घेताना आधी खांदा पाहा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली तर बाकी सगळं दुरुस्त होतं: बाही लहान करता येते, कुशीला आत घेता येतं, पाठीला दोन टक्स घालता येतात. खांदा उतरलेला असेल तर तो कपडा दुकानातच ठेवा, मग कितीही स्वस्त असो. आत घेताना जास्तीचं कापड कापून टाकू नका. पुढच्या वर्षी तेच उसवावं लागतं.

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात, पेडण्याच्या गुरुवारच्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कपडा उलटा करून बघायला लाजू नका. टाके विरळ आहेत का, शिवणीला दोन्हीकडून ओढलं तर फट दिसते का, ओला रुमाल घासला तर रंग लागतो का. विक्रेता तोंड वाकडं करील. करू दे.

आणि एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते, इथेही सांगते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात, ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत तयार कपड्यांचे कारखाने होते. ११३४ माणसं गेली, त्यांत बहुतेक मुली आणि बायका, कितीतरी तुमच्याच वयाच्या. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. इतका स्वस्त कपडा बाजारात येतो, तेव्हा त्याच्या किमतीतला काही भाग कोणीतरी दुसऱ्याने भरलेला असतो. तुम्ही एक कुर्ता दुरुस्त करून वर्षभर जास्त वापरलात म्हणून जग बदलत नाही, पण निदान आपल्यापुरता तो हिशेब कळलेला असावा.

आपल्या भागाच्या हवेचंही थोडं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि फॅशनच्या व्हिडिओंत तो कुठेच नसतो. जमिनीवर लोळणारी पलाझो घालून पेडण्याच्या बसस्टँडवर उतरायचं म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखल. पावसाळ्यात पँटची लांबी घोट्याच्या चार बोटं वर. जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. त्यापेक्षा पातळ सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्र कापड बरं. डिचोली-साखळी पट्ट्यातल्या मुलींना खाणीच्या ट्रकांची लाल धूळ नवी नाही. तिथे पांढरा कुर्ता हे धाडसच. लाल मातीचा डाग पडला तर ओल्यावर चोळू नका, तो आत मुरतो. पूर्ण वाळू द्या, झटका, मग थंड पाण्यात धुवा. आणि मळलेल्या पांढऱ्या ओढणीला चहाच्या रंगात बुडवा ना! चहाची भरपूर पावडर उकळून गाळलेल्या पाण्यात सुती ओढणी तासभर ठेवली की बदामी होते. गंजलेले खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी थोडंसं दुसऱ्या बादलीत घातलंत आणि चहाची ओढणी त्यात बुडवलीत, तर डोळ्यांदेखत ती राखाडी-काळी होते. भांडं मात्र स्वयंपाकाचं घेऊ नका. हळदीच्या नादाला लागू नका, तिचा रंग उन्हात टिकत नाही.

आता कुणबी साडी. पारंपरिक पोशाखाचा दिवस जवळ आला की वर्गात तिचाच विषय. कोणी भाड्याने आणते, कोणी नवी घेते, एका दिवसासाठी. ही लाल-पांढऱ्या चौकड्यांची साडी आपल्याकडच्या कुणबी-गावडा बायकांची. शेतात चिखलात वाकून काम करायचं म्हणून ती आखूड, गुडघ्याजवळ नेसायची, आणि पदर खांद्यावर गाठ मारून पक्का. पेडण्याहून म्हापशाला जाताना शापोरा नदीवरचा पूल ओलांडला की कोलवाळ लागतं. तिथे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स राहत. त्यांनी २०१० मध्ये ही साडी मोठ्या फॅशन शोच्या रॅम्पवर नेली, २०१२ मध्ये गोव्याच्या पोशाखाच्या इतिहासावर 'मोडा गोवा' हे पुस्तक लिहिलं, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे ही साडी शहरातल्या कपाटांत गेली, हे चांगलंच झालं. पण त्यापाठोपाठ चौकड्या छापलेल्या पॉलिएस्टरच्या साड्याही 'कुणबी' म्हणून विकायला आल्या. ओळखायचं सोपं आहे : साडी उलटी करा. विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, छापलेली मागून फिकी असते.

हातमागाची खरी साडी विद्यार्थिनीच्या खिशाला परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. मग नकली घेऊन मिरवण्यापेक्षा ओळखीच्या घरातून एक दिवस मागून आणा, आणि त्या घरातल्या आजीकडून नेसायलाही शिकून या. ते कष्टाचं वस्त्र आहे. त्यावर सोंग आणल्यासारखं डोक्यावर टोपली घेऊन फोटो काढू नका. आणि रॉड्रिक्सकडून घ्यायचंच तर त्यांचा साधेपणा घ्या. कमी शिवणी, कमी नक्षी, मोकळा कपडा, हवेला साजेसं कापड. गरीब-श्रीमंत कोणालाही परवडेल असा तो धडा आहे.

दागिन्यांवर मी फार बोलणार नाही. जुन्या प्लास्टिकच्या बांगड्यांवर साडीच्या काठाची पट्टी घट्ट गुंडाळून शेवटचा टाका आत घातला की छान कडी होतात. स्वस्त धातूच्या कानातल्यांनी खाज येत असेल तर कानाला लागणाऱ्या भागावर बिनरंगी नेलपॉलिशचा हात फिरवा, तो गेला की पुन्हा. शिंप्याकडे कातरणाच्या चिंध्या पडलेल्या असतात, मागितल्या तर तो बहुधा फुकट देतो. त्यांची बटणं मढवता येतात, केसांचे रबर होतात. आणि अबोलीच्या फातीला जीन्स-कुर्त्यावर कोण नको म्हणतंय? उन्हाळ्याच्या तोंडाला सुरंगीचा वळेसर मिळाला तर अत्तराचेही पैसे वाचले.

ज्यांना पुढे शिकायचंय, त्यांनी आयटीआयमध्ये चौकशी करावी. सरकारी आयटीआयमध्ये शिवणकामाचा अभ्यासक्रम असतो. आपल्याला जवळचा कुठे चालतो ते जाऊन विचारा. ब्लाउज, फॉल-पिको, अल्टरेशन यांना गावागावांत गिऱ्हाईक आहे, आणि कॉलेजची मुलगी आठवड्याला चार-पाच कपडे जरी दुरुस्त करू लागली तरी तिचा बसचा आणि वह्यांचा खर्च सुटतो. माझ्या वर्गातल्या काही मुली हे करतात.

येत्या बाजाराच्या दिवशी एवढंच आणा : सुयांचं एक पाकीट, पांढरा, काळा आणि लाल दोरा, मापाची टेप आणि एक चांगली कातरी. त्या कातरीने कागद कापू नका, धार जाते.