शरीरालाही ताण बसतो
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बगीचेवाल्यांना 'ताण' म्हणजे काय ते सांगायला नको. आंबिया बहारासाठी आपण डिसेंबरात ओलीत बंद करतो. पाणी तुटलं की झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं आणि उरलेलं पाणी राखतं. माणसाचं शरीरही तेच करतं.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. उन्हात खूप घाम गेला किंवा हगवण-उलटी लागली की त्यातलं पाणी घटतं, दाब उतरू लागतो. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमधून मेंदूला लगेच खबर जाते. हृदयाचे ठोके वाढतात, कातडीकडच्या आणि आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडं रेनिन सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आणखी आवळतं. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं. मेंदूतल्या व्हॅसोप्रेसिनमुळे लघवी थोडी आणि गडद होते. तहानही लागते, पण वय वाढलं की ती कमी जाणवते.

एवढी धडपड चालू असते, म्हणून बीपीचा आकडा बराच वेळ ठीक दिसतो आणि आपण फसतो.

मीही फसलो. आमच्या बाबांचा बीपी एरवी १५०च्या आसपास. गेल्या मे महिन्यात दिवसभर बगीच्यात राहून आले, गळल्यासारखं वाटतं म्हणाले. मी मोजला तर १२०. "आज तर छान आहे," म्हणालो. ते पाणी प्यायला उठले आणि ओसरीवरच पडले. दवाखान्याच्या खिडकीवर रोज बीपीच्या गोळ्या देणारा मी, पण नाडी पाहिली नाही, लघवी कधी झाली तेही विचारलं नाही. त्यांची गोळी अँजिओटेन्सिनचं काम अडवणारी होती. एरवी उपकार करणारी तीच गोळी त्या दिवशी शरीराचा बचाव अडवत होती. सलाइन लावावी लागली, दोन दिवसांनी बाबा घरी आले.

म्हणून सांगतो, बीपीची गोळी मनानं बंद करू नका. पण हगवण, उलटी झाली किंवा ऊन लागलं, तर आजची गोळी घ्यायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तसंच. अंथरुणावरून एकदम उठू नका, आधी बसा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात घाला. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेच्या सोबतीनं मीठ आतड्यातून रक्तात जातं आणि त्यामागून पाणी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

झाडाला ताण आपण ठरवून देतो आणि वेळेवर तोडतो, म्हणून फूल येतं. घरच्या म्हाताऱ्या माणसाचा ताण कुणी ठरवून दिलेला नसतो. तो आपल्यालाच ओळखून तोडावा लागतो.

गणपती बाप्पा मोरया!