शिशाचं सोनं आणि कुलाब्याचं रहाटगाडगं

(मंडळाच्या अल क्वोज येथील स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी जवळ आली की दुबईत सोन्याचा भाव विचारल्याशिवाय आपला दिवस जात नाही. म्हणून सुरुवात सोन्यापासूनच करतो. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतल्या ‘ॲलिस’ प्रयोगाने मे 2025 मध्ये जाहीर केलं, की त्यांच्या यंत्रात शिशाचं सोनं होतं!

शिशाच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन असतात, सोन्याच्या 79. शिशाची दोन केंद्रकं प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांच्या अगदी अंगावरून गेली, की विजेच्या झटक्याने कधी कधी तीन प्रोटॉन उडतात. उरतं ते सोनं. 2015 ते 2018 या काळात अशी सुमारे 8600 कोटी केंद्रकं तयार झाली. वजन किती? 29 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले 29! तेही क्षणार्धात यंत्राच्या भिंतीवर आपटून फुटतं. तेव्हा धनत्रयोदशीची खरेदी रद्द करू नका.

पण हा झाला हुकलेल्या टकरींचा हिशेब. खरा खेळ समोरासमोरच्या टकरींचा. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्क नावाचे कण असतात आणि ते एरवी कधी एकटे सुटत नाहीत. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे आपापल्या खोलीत बंद! टकरीत तापमान सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त चढतं आणि खोल्यांच्या भिंतीच वितळतात. विश्व जन्मल्यानंतर पहिले काही मायक्रोसेकंद सगळीकडे हीच अवस्था होती. वाटलं होतं, भिंती गेल्या की मंडळी वायूसारखी सैरावैरा पांगतील. पण 2005 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने सांगितलं, की ही गर्दी विसर्जनाच्या मिरवणुकीसारखी एकत्र वाहते. जवळजवळ अडथळा नसलेला द्रवच तो!

यात आपलं काय? बरंच काही. ‘ॲलिस’मध्ये फोटॉन मोजणारं एक मोठं उपकरण भारतीय संस्थांनी बनवलं. पवईच्या आयआयटीची मंडळी या प्रयोगात आहेत. टीआयएफआरचे डॉ. राजीव गवई आणि डॉ. सौरेंदु गुप्ता यांनी या वितळण्याची गणितं संगणकावर मांडली.

आणि माझी शाळा म्हणजे कुलाबा. तिथे टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी आणि टीआयएफआरचं ‘पेलेट्रॉन’ 1988च्या अखेरीस सुरू झालं. ‘सर्न’च्या मानाने तिथली ऊर्जा फारच कमी. तिथे केंद्रकं वितळत नाहीत. ती कशी जुळतात आणि कशी फुटतात ते कळतं. यंत्राचं तत्त्व मात्र आपल्या विहिरीवरचं! धातूच्या नळकांड्यांची साखळी फिरत राहते. रहाटगाडग्याची गाडगी पाणी वर आणतात, तशी ही नळकांडी विद्युतभार वाहून नेतात. असं करत टाकीच्या मधोमध 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत दाब साठवता येतो. पुढे जोडलेल्या यंत्रात तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा आहे. भांड्यांना कल्हई करतात तसाच! पण त्या थंड ठेवायच्या उणे 269 अंशांवर.

इथे अल क्वोजमध्ये हे सगळं मुद्दाम सांगतोय. या परिसरात वेल्डिंग चालतं, चिलर दुरुस्त होतात, कंट्रोल पॅनल बांधले जातात. प्रवेगक यंत्र याच हातांवर उभं राहतं. एक जोड गळला की व्हॅक्यूम गेला, आणि व्हॅक्यूम गेला की भल्याभल्या प्राध्यापकांचा प्रयोग थांबला! रात्रपाळीला आम्ही देवाच्या खालोखाल टेक्निशियनची वाट पाहायचो.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, “मुलगी बारावीला आहे, फिजिक्सच करायचं म्हणते. पुढे पोटापाण्याचं काय?” प्रश्न रास्त आहे. इथे आपला व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बिऱ्हाड हलवायचं. मुलांनी सुरक्षित वाट धरावी असं वाटणारच. खोटं सांगत नाही. शिक्षण लांबलचक, कायमच्या जागा थोड्या. पीएच.डी. होईस्तोवर बरोबरीच्या इंजिनियरांनी फ्लॅट घेतलेले असतात.

पण ताई, या वाटेवरून सगळेच प्राध्यापक होत नाहीत. प्रचंड माहितीतून खरा संकेत निवडणं, नाजूक उपकरणं बांधणं हे हुन्नर बाहेरही चालतात. जपानमध्ये चिबाला 1994 पासून कार्बनच्या आयनांनी कॅन्सरवर उपचार होतात. आपल्या खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात 2023 साली प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. अशा यंत्रांनाही फिजिक्सवाले लागतातच.

तेव्हा नाही म्हणण्याआधी एक करा. पुण्याच्या आयसरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पाहा, त्याची प्रवेश परीक्षा तिला देऊ द्या. भुवनेश्वरच्या नायसरसाठी ‘नेस्ट’ आहे. दोन परीक्षांनी घर बुडत नाही. मग बसून हिशेब करा: पैशाचाही आणि तिच्या ओढीचाही. निर्णय तुमच्या घरातला, पण त्या बैठकीत तिलाही खुर्ची द्या.