त्यांनी स्वतःबद्दल काय लिहिलं?



माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की 'माध्यमं, संस्कृती आणि अल्पसंख्याक समाजांची अस्मिता' हा माझा संशोधनाचा विषय आहे. एवढ्या लांबलचक नावामागे नक्की काम काय असतं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. मी एका छोट्या समाजाची मासिकं वाचते, त्यांची जुनी प्रार्थनापुस्तकं पाहते, त्यांची कीर्तनं ऐकते आणि सिनेमाच्या पडद्यावर त्यांची माणसं शोधते. नोकरीत आल्यापासून हेच करते आहे. आणि हे बोलायला अलिबागइतकी योग्य जागा नाही, कारण तो समाज, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, तुमचा शेजारी आहे.

बेने इस्रायल. तुमच्या गावात इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ हे त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. नवगावला त्यांचं जुनं कब्रस्तान आहे. गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि किनाऱ्याला लागली, ही त्यांची कथा तुमच्यातल्या काहींनी आजी-आजोबांकडून ऐकली असेल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं ऐका: पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर, अष्टमकर. तुमच्या एसटीच्या पाट्यांवरची गावं आहेत ही.

या समाजाबद्दल बाहेरच्यांनी भरपूर लिहिलं. मिशनऱ्यांनी लिहिलं, इंग्रज अधिकाऱ्यांनी गॅझेटिअरसाठी लिहिलं, पुढे परदेशी अभ्यासकांनी लिहिलं. त्यातलं बरंचसं मोलाचं आहे. पण त्या सगळ्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: हे लोक 'खरे' यहुदी आहेत का? मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते की हा प्रश्न बाजूला ठेवा. ज्या समाजाचा अभ्यास करायचा, त्याने स्वतःबद्दल, स्वतःच्या भाषेत काय छापलं, काय गायलं, ते आधी वाचा. दुसऱ्यांचं नंतर.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांचं उदाहरण घ्या. मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी १८७५ साली शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास त्यांनी लिहिला. १८९७ साली हस्तलिखित तयार होतं. ते छापलं गेलं १९३७ साली, तेल अवीवमध्ये. केहीमकर त्याच्या कितीतरी आधीच गेले होते. या चाळीस वर्षांत त्यांच्या समाजाबद्दल इतर लोक बोलतच होते, आणि समाजातल्या माणसाने लिहिलेला इतिहास मात्र कागदांच्या गठ्ठ्यात पडून होता. आपला हा अभ्यास का हवा, याचं याहून चांगलं कारण मला देता येणार नाही.

आता एका चित्राकडे तुम्हाला नेते. १८७४ साली पुण्यात शिळाछापावर एक हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायचं पुस्तक, मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका कशी झाली त्याची गोष्ट. हिब्रू मजकूर, सोबत मराठी भाषांतर. त्यात चित्रं आहेत. सणासाठी बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका दाखवल्या आहेत, आणि त्या बायका साड्या नेसलेल्या आहेत, जमिनीवर बसलेल्या आहेत, पीठ मळतायत, लाटतायत, भाजतायत. युरोपात छापलेल्या हग्गादांमध्ये हीच तयारी युरोपी घरात, युरोपी कपड्यांत दिसते. पुण्याच्या चित्रकाराने ती आपल्या स्वयंपाकघरात आणली. 'आम्ही कोण आहोत?' याचं उत्तर त्या लोकांनी कुठल्याही परिषदेत ठराव करून दिलं नाही, ते या पानावर देऊन ठेवलं. माध्यमांचा अभ्यास म्हणजे अशा पानापाशी बराच वेळ थांबणं. कपडे पाहायचे, भांडी पाहायची, कोण उभं आहे आणि कोण बसलं आहे ते पाहायचं, छापखाना कुठला, पुस्तक कोणासाठी, हे विचारायचं.

दुसरी गोष्ट कीर्तनाची. साधारण १८८० पासून बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी आपला कीर्तनाचा प्रकार घेतला आणि त्यात आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं रचली. त्याच साकी-दिंडीच्या चाली, तेच निरूपण. सिनेगॉगमधली प्रार्थना हिब्रूत असे आणि ती सगळ्यांना कळतच असे असं नाही. कीर्तन घरातल्या म्हाताऱ्या बाईला आणि मांडीवरच्या पोराला दोघांनाही कळत होतं. शेजाऱ्याकडून कलाप्रकार घेतला की आपली ओळख पातळ होते, असं म्हणणारे सगळीकडे भेटतात. इथे नेमकं उलट झालं. मराठी कीर्तनामुळे हे लोक आपल्या धर्मग्रंथाच्या जास्त जवळ गेले. हे मी अनेक वर्षं कागद चाळून म्हणते आहे आणि ठामपणे म्हणते आहे.

ती कीर्तनं आजही आहेत, फक्त ऐकायला आता बहुतेक वेळा इस्रायलला जावं लागतं. तिथल्या लोद शहरात एका घरी मी ध्वनिमुद्रण करत होते. एका नणंद-भावजयीचा दिंडीच्या चालीवरून वाद सुरू झाला. एकीची चाल पनवेलची, दुसरीची मुंबईची, आणि दोघींचं म्हणणं आपलीच मूळ आहे. बराच वेळ त्यांनी एकमेकींना गाऊन दाखवलं. शेजारी लष्कराच्या गणवेशातला नातू बसला होता. त्याला मराठीतलं एक वाक्य येत नव्हतं, पण ध्रुपदाला तो बरोबर सूर लावत होता. ते सगळं ध्वनिमुद्रण मी जसंच्या तसं ठेवलं आहे. वादासकट.

मासिकांबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर माझं थांबणं कठीण होईल. १९१७ साली 'द इस्रायलाइट' नावाचं मासिक मुंबईत सुरू झालं, इंग्रजी आणि मराठी. आपल्या समाजाने राजकारणात कुठे उभं राहायचं, यावर त्या काळात बेने इस्रायलांमध्ये जोरदार मतभेद होते. त्यांच्यातले डेव्हिड एरुलकर १९१६ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जिनांच्या बरोबरीने लोकमान्य टिळकांच्या बाजूने उभे होते. रिबेका रूबेन यांच्यासारखी विदुषी समाजाचं वार्षिक संपादित करत होती. मुंबईत डॉ. ई. मोझेस रोडवरून तुम्ही गेला असाल. ते मोझेस याच समाजातले, मुंबईचे महापौर झालेले. एवढ्या छोट्या समाजात एवढी मतं, एवढे वाद! 'त्या समाजाचं म्हणणं असं आहे' हे वाक्य बातमीत दिसलं की मला म्हणूनच लगेच विचारावंसं वाटतं, त्यातल्या कोणाचं?

आता सिनेमा, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्याच क्षेत्रात जायचं आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१. तो ज्या नाटकावरून निघाला, ते नाटक जोसेफ डेव्हिड यांचं. बेने इस्रायल. आडनाव पेणकर. तुमच्या शेजारच्या पेणचं! पुढे डेव्हिड आब्राहाम चेऊलकर, म्हणजे सगळ्यांचे लाडके नट डेव्हिड. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधला त्यांचा जॉन चाचा घराघरांत पोचला. जॉन चाचा ख्रिस्ती आहे. बगदादी यहुदी घराण्यातल्या नादिरा, १९७५ च्या 'ज्युली'त त्यांनी अँग्लो-इंडियन आई रंगवली. आणि १९५८ साली बिमल रॉय यांनी 'यहुदी' काढला, तेव्हा त्यातली यहुदी पात्रं सोहराब मोदी आणि मीनाकुमारी यांनी केली. गोष्ट प्राचीन रोमची. म्हणजे यहुदी नट पडद्यावर रोज दिसत होते, पण चौलचा, पेणचा, मराठी बोलणारा यहुदी माणूस पात्र म्हणून मुख्य प्रवाहाच्या पडद्यावर क्वचितच आला. माणसं दिसणं आणि समाज दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या तुमच्यातलं कोणी पटकथा लिहील, तेव्हा एवढं जरूर लक्षात ठेवा.

स्वतंत्र भारतात या समाजाची संख्या साधारण वीस हजार होती. इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक जण तिकडे गेले, आज इथे काही हजारच उरले आहेत. तिकडे गेल्यावर त्यांना सुख मिळालं असं समजू नका. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी निदर्शनं केली, काही परतही आले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाआधी बेने इस्रायलांची वंशावळ तपासायचा आदेश काढला. ज्यांनी शतकानुशतकं कोकणात शनिवार पाळला, त्यांच्याकडे आता पुरावा मागितला जात होता. ते जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले. शेवटी १९६४ साली इस्रायलच्या सरकारला आणि संसदेला सांगावं लागलं की हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत. हे वाचताना मला आजही राग येतो, आणि अभ्यासकाने रागावू नये हे मला मान्य नाही. राग आल्यावरही कागद नीट वाचायचे, एवढीच अट आहे.

शाल्वा वाइल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लोदमधल्या बेने इस्रायलांवर प्रबंध लिहिला. ससेक्स विद्यापीठाने १९७७ साली त्यावर त्यांना डॉक्टरेट दिली. त्यानंतरही त्यांनी हा विषय सोडला नाही. एक विषय, एक समाज, अख्खी कारकीर्द. अशी कारकीर्द करता येते, हे तुमच्या पालकांच्या समोर मला मुद्दाम सांगायचं आहे. रस्ता लांब आहे: एम.ए., मग नेट किंवा सेट, मग पीएच.डी., आणि कायम नोकरी मिळेपर्यंत तासिका तत्त्वावरची काही वर्षं. त्या वर्षांत पैशांची ओढाताण होते, घरच्यांचा आधार लागतो. पालकांनो, तो द्या.

कारण या कामाला आज तुमच्याच मुलांची गरज आहे. या समाजाबद्दल जगात जे लिहिलं जातं, त्यातलं पुष्कळसं इंग्रजीत आहे आणि इंग्रजीत असलेल्याच कागदांवर उभं आहे. मराठी हग्गादा, कीर्तनाच्या वह्या, मासिकांचे अंक, इस्रायलमधून मराठीत निघणारं 'मायबोली', हे सगळं सलग वाचू शकणारे संशोधक फार थोडे आहेत. मोडी येणारे त्याहून कमी. तुम्हाला मराठी आईच्या दुधाबरोबर आली आहे. अलिबागची बोली, इथली आडनावं, बेने इस्रायलांच्या मलिदा विधीच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं का असतं, हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. आणि हे फक्त बेने इस्रायलांपुरतं नाही. कातकरी आहेत, सिद्दी आहेत, कोर्लईत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारे ख्रिस्ती आहेत. सगळे इथून एका दिवसात जाऊन यावं एवढ्या अंतरावर.

२०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदोपत्री प्रश्न सुटला. छापील साहित्य गोळा करणं, त्याच्या याद्या करणं, म्हाताऱ्या माणसांचे आवाज मुद्रित करणं हे काम तसंच पडून आहे.

म्हणून एक ठोस प्रस्ताव मांडते. प्राचार्यांशी बोलणं झालं आहे, ग्रंथालयात एक खोली मिळणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपण इस्रायल आळीपासून सुरुवात करू. सिनेगॉगच्या विश्वस्तांची परवानगी आधी घ्यायची, ज्यांच्या घरी जायचं त्यांना आधी विचारायचं, कागद घरातून बाहेर न्यायचा नाही, तिथेच छायाचित्र घ्यायचं, आणि मुद्रणाची पहिली प्रत त्या घरी द्यायची. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी चालेल. विज्ञानवाल्यांनी मागे राहू नये, कागद टिकवण्याचं रसायनशास्त्र त्यांनाच कळतं. पारितोषिक वितरण झाल्यावर मी मंचाच्या डाव्या बाजूला थांबते आहे. नाव, वर्ग आणि फोन नंबर लिहायला वही आणली आहे.