फोटोखाली नाव नव्हतं



आपल्या गटाचं पेण-रोह्याच्या इतिहासाचं छोटं पुस्तक निघालं. प्रकाशनासाठी हॉल घ्यायचा की नाही, यावरून आमच्यात दोन बैठका वाद झाला. हॉल म्हटला की भाडं, हारतुरे, पाहुणे बोलणार आणि आपण चहा फिरवणार. शेवटी पेणच्या बाजारातल्या एका पुस्तकाच्या दुकानात कार्यक्रम केला. दुकानदारदादांनी मधलं टेबल सरकवलं, आम्ही सतरंजी टाकली. जागा पुरली नाही, तेव्हा काही जणी पायरीवर बसल्या. पुस्तकं आता तिथेच आहेत. विकली जातील तसे दादा त्यांचं कमिशन कापून पैसे देतील.

गागोद्याचे विनोबा, रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांच्यावर मोठमोठी पुस्तकं आहेत, म्हणून आम्ही त्यांना दोन पानांत आवरलं. जास्त पानं दिली 21 सप्टेंबर 2008 या दिवसाला. सेझला जमीन द्यायची की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत त्या दिवशी शेतकऱ्यांचं मत घेतलं होतं. सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि लावणी आपल्या हातची, अशा घरांत तेव्हा काय बोलणं झालं, ते आम्ही बायकांनाच विचारलं. कागदावर ते कुठेच नव्हतं.

आणि पेणचे गणपती. जोहे-हमरापूरचे कारखाने सगळ्यांना माहीत आहेत. आम्ही एका आजींचा फोटो छापला, हातात ब्रश, समोर मूर्ती. त्या कार्यक्रमाला आल्या होत्या. पुस्तक उलगडून म्हणाल्या, "बाय, वाच गं खाली काय लिवलंय."

खाली होतं, 'मूर्ती रंगवणारी स्त्री'.

दुकानात कुणी बोलेना. त्याच पानावर कारखान्याच्या मालकांचं नाव होतं, आजींचं नाही. बायकांचा इतिहास लिहायला निघालेल्या आम्हीच हे केलं! त्यांच्या घरी आम्ही तीनदा जेवलो होतो. 'आजी, आजी' म्हणत राहिलो आणि नाव विचारायचं राहून गेलं.

दादांनी गल्ल्यातलं पेन पुढे केलं. दुकानातल्या प्रत्येक प्रतीत आम्ही आजींचं पूर्ण नाव लिहिलं. माहेरचंही, कारण आखणी त्या माहेरी शिकल्या. रेडिओवर नाव नको म्हणाल्या, म्हणून इथे सांगत नाही. ज्या प्रती आधीच विकल्या गेल्या, त्यांत तेवढी दुरुस्ती राहिली आहे. तुमच्याकडे असेल तर दुकानात आणा.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली काढलं, तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत त्या घरोघर गेल्या होत्या. आम्ही ते गटात वाचलं होतं, तरी चुकलो.

आता दुसऱ्या आवृत्तीचं. रोह्याची पानं फारच कमी झाली आहेत, हे रोह्याच्या बायकांनी तोंडावर सांगितलं आणि ते खरं आहे. म्हणून पुढची बैठक रोह्याला. येताना जुना फोटो असेल तर आणा, आणि त्यात कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीने लिहून आणा.